नाश्त्याला काय खाल्लंत

आधी नळ्या तापू द्यायच्या.
वीस मिनिटं. घाई असली तरी वीस मिनिटं.
ग्रिम्सबीच्या या जुन्या बर्फ कारखान्याच्या तळघरात
एप्रिलमध्येही बोटं वळत नाहीत,
तेव्हा मी दोन्ही तळवे प्रीअँपच्या जाळीवर धरते
आणि आत काचेच्या दोन नळ्या
हळूहळू तांबूस होत जातात,
थंडीतून आत आलेल्या माणसाच्या कानांसारख्या.

रिबन माइक लावलाय, म्हणून अठ्ठेचाळीस व्होल्ट बंद.
पुन्हा एकदा बघायचं: बंद.
लेनर्डने एकदा नाही बघितलं.
ती जळकी रिबन अजून त्याच्या पाकिटात आहे,
बसच्या जुन्या तिकिटासारखी चुरगळलेली.

डावा नॉब इनपुटचा, उजवा आउटपुटचा.
लोकांना वाटतं दोन्ही आवाजच वाढवतात.
डावा विचारतो, आत किती येऊ द्यायचं.
उजवा, बाहेर किती सांगायचं.
एवढं कळायला मला चार वर्षं लागली,
तेही फक्त यंत्राच्या बाबतीत.

डावा जरा सैल सोडला की आवाजावर साय धरते,
जाडसर, किंचित गोड.
अजून सोडला तर उतू जातं,
आणि उतू गेलेलं काही पातेल्यात परत भरता येत नाही.

मॅव्हिस ब्लँचर्ड. वय एक्क्याऐंशी.
सदतीस वर्षं फिश डॉकवर मासे कापले.
वाहते नळ, आदळणाऱ्या पेट्या, कोपऱ्यात रेडिओ,
त्यावरून शेजारणीशी बोलायचं म्हणजे ओरडायचंच.
ती निवृत्त झाली त्याला वीस वर्षं झाली.
आवाजाला अजून कुणी कळवलेलं नाही.

मी विचारते, जे सगळेच विचारतात:
नाश्त्याला काय खाल्लंत?
"किपर!"
काटा लाल कोपऱ्यावर जाऊन आपटतो.
"आणि अर्धा टोस्ट! उरलेला बिस्मार्कला!"
वीस डेसिबलचा पॅड आत.
डावा नॉब सातवरून चारवर.
खुर्ची वीतभर मागे.
बिस्मार्क कोण? कुत्रा. कुठला? माहीत नाही, आखूड पायांचा.
काटा शून्याच्या अलीकडे डुलायला लागतो.
जमलं. टेप सुरू.

चाळीस मिनिटं सगळं सुरळीत.
चाकूची धार, रबरी बुटांत कुजणारे मोजे,
फोरमनच्या टोपीत कुणीतरी ठेवलेलं हॅडकचं मुंडकं
(कुणीतरी म्हणजे तीच).

मग जानेवारी येतो.
धाकटा भाऊ, रेमंड. एकोणीस वर्षांचा.
आइसलँडच्याही वर गेलेल्या बोटीवर स्वयंपाकी,
ज्याला घरी अंडं उकडता येत नव्हतं.
काटा एकेक घर उतरतो.
ऑफिसबाहेर कागद लावला होता, ती म्हणते,
पुढे तिचे ओठ हलतात, काटा हलत नाही.

माझा हात डाव्या नॉबवर गेला होता.
चाराचे सात, पॅड बाहेर,
प्रत्येक शब्द समोर येऊन बसला असता.
पण हा नॉब टप्प्यांचा आहे,
दर टप्प्याला टक् करतो,
आणि खोलीत तेव्हा तिच्या श्वासाखेरीज काही नव्हतं.
मी हात तसाच धरून ठेवला,
गरम धातूवर, न फिरवता.

किपरच्या मापाने बेतलेला आकडा
रेमंडला सैल पडत होता.

नंतर ऐकलं. नळ्यांची खसखस,
तळाशी कुठेतरी तिचं बोलणं,
आठ-दहा शब्द कळतात, दोन कळत नाहीत.
लेनर्ड म्हणाला, साफ करून देऊ का?
मी म्हटलं, बघू.
अजून बघतेच आहे.

टेप बंद करायच्या आधी
तिनं रुमाल पर्समध्ये घातला, पर्स मिटली,
आणि माइकच्या तोंडावर विचारलं,
"आलं का गं सगळं?"

काटा लाल कोपऱ्यात.