रोशनदान

आत्याचं नाक जनकगंजात प्रसिद्ध होतं.
दूध उतू जायच्या आधी तिला कळायचं,
कुणाच्या डाळीत हिंग जास्त झाला, ते जिन्यावरूनच,
आणि मी एकदा, एकदाच, ओढलेली सिगरेट
तीन दिवसांनी स्वेटरमधून.
सिलिंडरवाल्याला ती दारातच थांबवायची,
"रुको भैया, आधी वास घेऊ दे."

त्या जानेवारीत धुकं चार दिवस हललं नाही.
किल्ला दिसेना, समोरचं गजकचं दुकान दिसेना,
नुसता तीळ कुटल्याचा धप्प धप्प आवाज.
न्हाणीघरात गॅसचा गीझर, दिवाळीत घेतलेला,
आणि त्याच्या वर वीतभर रोशनदान,
ज्यातून वारा थेट तिच्या ओल्या पाठीवर.
"हेरंब, बुजव रे ते."
मी बुजवलं.
जुनं वर्तमानपत्र, वर पुठ्ठा, वर चिकटपट्टी,
दोनदा फिरवून.
काम चोख झालं म्हणून खूष होतो.

गीझर लावून देणारा रामसेवक बजावून गेला होता,
ज्योत निळी हवी, पिवळी दिसली तर बोलवा.
अंघोळ करताना ज्योतीकडे
कोण बघतं?

पाणी वाहत होतं.
पाणी वाहतंय म्हणजे माणूस न्हातंय,
एवढंच मला ठाऊक.
चहा निवला, त्यावर साय धरली.
टाकी रिकामी झाली तेव्हा
खालच्या तोमरबाई ओरडल्या, "अरे, नल तो बंद करो!"

कडी तोडली. कसलाही वास नव्हता,
चंदनी साबणाचा सोडून.
आत्या भिंतीला टेकलेली, गाल गुलाबी,
इतके, की क्षणभर मला वाटलं
वा, ऊब चांगली लागली हिला.

जयारोग्यमध्ये दोन दिवस ऑक्सिजन.
डॉक्टर भिंडची, माझ्याहून लहान मुलगी.
म्हणाली, या वायूला रंग नाही, वास नाही,
रक्त त्याला प्राणवायू समजून कवटाळतं
आणि मग सोडत नाही.
मला हसूच फुटलं, रडण्याच्या आधी फुटतं तसलं.
त्या नाकासमोरून
चप्पल हातात घेऊन गेला तो.

आत्या आहे. जेवते, हिंडते.
डाळीत मीठ दोनदा घालते, कधी तिसऱ्यांदाही.
मला अधूनमधून दादा म्हणते,
माझ्या वडिलांना म्हणायची तसं.
नाक मात्र तेच.
काल ओरडली, "दूध लागलं कुणाचं तरी!"
आणि खरंच लागलं होतं.
तिनेच ठेवलं होतं ते,
एवढंच तिला माहीत नव्हतं.

गीझर आता बाहेर गॅलरीत.
रोशनदानातला पुठ्ठा मी त्याच रात्री फाडला,
कडेला चिकटपट्टीचा डिंक राहिलाय, निघत नाही.
थंडी पडली की रोज संध्याकाळी ती म्हणते,
"वारा येतोय रे. बुजव ते."
"बुजवतो, आत्या."
मग स्टुलावर चढतो,
तिला दिसेल असा हात वर नेतो,
आणि त्या वीतभर भोकातून
बाहेरची थंडी चाचपून
खाली उतरतो.
"बुजवलं," म्हणतो.