गुरुवारी डिप्लॉय

इथे शुक्रवारी सुट्टी,
म्हणून हे पाप गुरुवारी होतं.
मस्कत, गालाची इंडस्ट्रियल वस्ती, टायरच्या दुकानावरचं ऑफिस,
रात्रीचे पावणेदहा,
एसीच्या नळीखाली आइस्क्रीमचा रिकामा डबा,
थेंब. थेंब.
आणि मी जुनी आवृत्ती सोडून नवीवर निघालेय
गोड्या पाण्याचे चौतीस टँकर, अकराशे घरं,
एक मशीद आणि सीबमधल्या दोन लाँड्र्या
पाठुंगळी घेऊन.

खल्फानशेठचं म्हणणं साधं होतं:
नवं आलंय ना? मग ते घे.
गाडीबद्दलही ते असंच बोलतात.
मी म्हटलं, नव्यात फोल्डरांची नावं बदललीत,
आधी ब्राउझरमध्ये घडायचं ते आता सर्व्हरवर घडतं,
भाड्याची जागाही नवी.
त्यांनी खजूर पुढे केला.

माझ्या लॅपटॉपवर सगळं हिरवं.
लॅपटॉप म्हणजे माहेर,
तिथे कुणी काही विचारत नाही.
मग मी ढकललं.
बहारीनमधल्या कुठल्याशा थंड खोलीत
भाड्याचं एक मशीन जागं झालं
आणि पॅकेजं उतरवू लागलं,
हमालासारखं, मान खाली घालून.
चार मिनिटं. सहा.
बिल्ड झालं. पत्ता उघडला.
पांढरं पान.
वर बारीक अक्षरात पाचशे, बाकी शिवीसुद्धा नाही.

शेजारच्या टेबलावर दाऊद मुकादम,
श्रीवर्धनचे, एकोणतीस वर्षं टँकर हाकतायत फोनवरून.
त्यांच्यासमोरही तेच पांढरं.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला,
खणातून लाल पाठीची वही काढली,
"हां, अल खूद, सहावी गल्ली, हजार गॅलन. लिवलं."
मग माझ्याकडे न बघता,
"बाय, तू कर तुजा आरामात. पानी काय थांबत नाय."

लॉगमधली वेळ ग्रिनिचची,
भिंतीवरची मस्कतची.
आणि बार्शीत आता बारा वाजत आले असतील,
आई मोटर लावायला उठेल,
आज पाचवा दिवस, आज नळ येतो.

जुन्यावर परत जायचं बटण समोरच होतं.
दोनदा त्याच्यापर्यंत गेले.
तिसऱ्यांदा लॉग वरून वाचला, सावकाश,
पत्रिका वाचतात तसा,
आणि सापडलं:
डेटाबेसची चावी.
ती एका फाइलीत होती, इथेच, माझ्याजवळ,
आणि मीच गिटला बजावलं होतं, ही कुणाला द्यायची नाही.
गिटनं दिली नाही.
शब्दाला जागलं.
जुन्या सर्व्हरला ती शिबूनं हातानं दिलेली, तीन वर्षांपूर्वी,
नोंद कुठेच नाही,
आणि शिबू आता कॅनडात बर्फ उपसतो.
आई असती तर काखेतल्या कळशाचं काहीतरी बोलली असती.

दहा बत्तीसला नकाशा उघडला,
त्यावर चौतीस निळे ठिपके.
त्यातले निम्मे कुठे निघालेत ते ॲपला ठाऊक नव्हतं,
वहीला होतं.
मुकादम वाचत गेले, मी भरत गेले,
एक्केचाळीस मिनिटांतल्या एकोणीस फेऱ्या,
गल्ली, गॅलन, ड्रायव्हर, रियाल.
सतरावीला ते थांबले.
"निळ्या गेटवाली म्हातारी. अर्धा टँकर. पैशे नाय."
मी शून्य टाकलं.
ॲप म्हणालं, रक्कम आवश्यक आहे.
पुन्हा टाकलं. पुन्हा आवश्यक.
"ऱ्हाऊ दे," मुकादम म्हणाले,
"ती वहीतच असते. दर गुरुवारी."

खालचं टायरचं दुकान बंद झालं,
शटरचा आवाज जिन्यातून वर आला.
मी ती ओळ शोधली.
एकच चिन्ह होतं, शून्यापेक्षा मोठं,
त्याच्यापुढे बरोबरचं लावलं,
आणि ढकललं.
गुरुवारीच.

मुकादम वही मिटत नव्हते अजून.
सहा मिनिटं आम्ही दोघं
डब्यात पडणारं पाणी ऐकत बसलो.