शेरा

अकरा वर्षं मी सेंट कॅसिमिर हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात
ट्रे लावले.
मीठ नको त्यांचे निळे, साखर नको त्यांचे पिवळे,
आणि ज्यांना काहीच जाणार नाही त्यांच्यासाठी
नुसतं पातळ सूप, झाकण घट्ट दाबून.
एकदाही निळा ट्रे पिवळ्याच्या खोलीत गेला नाही.
हे कुठे लिहिलेलं नाही.

लिहिलंय ते एवढंच :
न कळवता काम सोडले. पुन्हा घेऊ नये.

मला ते कळलं सहा वर्षांनी.
मधे लिओचं आजारपण, मग लोकांची घरं पुसणं,
मग ईरीच्या दुसऱ्या टोकाला एका वृद्धाश्रमात मुलाखत.
चांगली झाली. एप्रनचं मापसुद्धा विचारलं.
नंतर फोन आला, मुलगी बिचारी चाचरत होती,
"ओपल, तुमच्या आधीच्या ठिकाणी... एक शेरा आहे."

पाठीवरचा डाग असतो तसा.
आपण सोडून सगळ्यांना दिसतो.

मी कळवलं होतं.
दोन आठवडे आधी, हाताने लिहून,
रँडल फिस्कच्या टेबलावर, त्याच्या मगाखाली ठेवून,
कारण तो स्वतः जागेवर कधी सापडायचा नाही.
भावाची फुप्फुसं संपत आलीत, असं लिहिलं होतं.
फुप्फुसं हा शब्द दोनदा खोडून.
रँडल आता फ्लोरिडात मासे धरतो म्हणे.
कागदाचं काय झालं ते त्या मगाला माहीत.

पहिल्या फोनवर : आम्ही ते बदलत नाही.
दुसऱ्यावर : तो विभाग पिट्सबर्गला गेला.
तिसऱ्यावर बावीस मिनिटं संगीत,
आणि मधूनमधून एक बाई सांगत होती
की माझा फोन त्यांच्यासाठी महत्त्वाचा आहे.
नन्नाचा पाढा असा पाठ झाला
की झोपेतही मी उलटा म्हणू शकले असते.

मग तळ्यावरून बर्फ यायला लागला तेव्हा कधीतरी
यास्मिनाच्या घरी कॉफीला गेले.
ती भांडी घासायची, मी ट्रे लावायचे,
आमच्यात फक्त एक वाफेची भिंत.
सगळं ऐकून ती उठली
आणि फ्रीजवरचा एक फोटो ओढून काढला, चुंबकासकट.
"आणि हे काय मग?"

स्टीलच्या टेबलावर पांढरा केक.
त्यावर निळ्या आयसिंगमध्ये माझं नाव,
शेवटचं अक्षर जागा न पुरल्यामुळे कडेवरून खाली उतरलेलं.
मागे भिंतीवर आठवड्याचा मेनू, नऊ मार्च.
माझा शेवटचा दिवस बारा.
आणि कोपऱ्यात, गालात घास धरून,
रँडल फिस्क.

न सांगता पळणाऱ्या बाईसाठी
तीन दिवस आधी केक कोण आणतं?
पत्रात मी एवढंच विचारलं.
फोटो जोडला. यास्मिनाने सही केली,
बेकरीतल्या म्हाताऱ्या व्होयचिकने ऑर्डरची वही चाळून
तारखेवर बोट ठेवून दिलं.

उत्तराला सात आठवडे लागले. दीड ओळ.
आपल्या नोंदीत दुरुस्ती करण्यात आली आहे.
पुन्हा घेण्यास हरकत नाही.
करण्यात आली आहे. कुणी केली, ते नाही.
तशी चूकही कुणी केली नव्हती म्हणा,
ती झाली होती, छतावरून पाणी गळतं तशी.

वृद्धाश्रमातली जागा तोवर भरली.
यास्मिनाने विचारलं, जाशील का मग परत तिथे?
मी हसले. माझे गुडघे तिने पाहिलेले नाहीत.

पण लिओ शेवटी शेवटी
रोज रात्री ऑक्सिजनच्या नळीआडून विचारायचा,
मी गेल्यावर घेतील ना गं तुला परत?
मी म्हणायचे, घेतील की.

सहा वर्षं ते खोटं होतं, मला न कळवता.
गेल्या मंगळवारपासून
खरं आहे.