घुंडी

केतकी निकम आली तेव्हा मी पट्ट्याला भोकं पाडत होतो.
अपशिंग्याची. वडील सुभेदार, आता निवृत्त.
म्हणाली, काका, काडतुसांची पिशवी हवी,
कमरेला बांधायची, दोन कप्प्यांची,
एकात भरलेली पंचवीस, एकात रिकामी टरफलं.
आणि तिचा आवाज यायला नको.

आवाज?
आमच्या धंद्यात लोक आवाज मागून घेतात.
नवरदेवाची चप्पल करकरली नाही
तर वरमाय पैसे कापते.

चामडं सोपं होतं.
म्हशीचं, बाभळीच्या सालीत मुरलेलं, पाठीकडचं.
पोटाकडचं घेतलं असतं तर वर्षात लोंबलं असतं.
इंचाला आठ टाके. दोन सुया, एक दोरा,
एकाच भोकातून समोरासमोर जातात,
बोळात दोन माणसं अंग चोरून जातात तशा.
मशीनचा एक टाका तुटला की पुढचे दहा त्याच्या मागं निघतात.
हाताचा तुटला, तर शेजारचा
आपली जागा धरून बसतो.

अडलं ते बकलापाशी.

मोती चौकातून आणलेलं सोन्यासारखं होतं.
कानस मारली, आत पांढरं जस्त.
स्टीलचं लावलं, तर उन्हात डोळ्यावर तिरीप.
चुंबक लावलं,
तर झाकण उघडताना दोन काडतुसं त्यालाच लोंबकळत वर आली,
ती हसली, मी नाही हसलो.
मग टिचबटण.
तिनं कानाशी धरून दोनदा उघडलं, दोनदा लावलं.
काका, ह्या टक्-वर माझा श्वास हलतो.

मी ते उपटून टाकलं. भोक राहिलं.
ते झाकण वाया. अजून आहे माझ्याकडे,
त्यावर मी चहाचा पेला ठेवतो.

माझ्या बापानं जहागीरदारांसाठी काडतुसांचे पट्टे शिवले होते.
माप यायचं सुतळीवर,
गाठ मारलेली, गड्याच्या हातून.
कंबर त्यानं कधी पाहिली नाही.
पट्टा द्यायचा तोही ओट्यावर ठेवून,
पैसे वरून पडायचे.
त्या सुतळ्या त्यानं जपल्या होत्या, खुंटीला, नऊ-दहा.
मी लहानपणी त्यांनी भोवरा फिरवला.

केतकी दोन्ही हात वर करून उभी राहिली.
घ्या ना माप.
टेप माझ्या हातात, आणि हात
कुठं जायचं ते विसरलेला.

बापाच्याच पेटीत घुंडी सापडली.
पितळेची, हरभऱ्याएवढं डोकं, बारीक मान.
चामड्याला एक चीर द्यायची, घुंडी तीत आपणहून शिरते.
खटका नाही, जीभ नाही.
मुरारी ओतारीला दाखवली, म्हणालो, अशाच चार ओत.
तो म्हणाला, चार घुंड्यांसाठी भट्टी?
मग सहा ओत, म्हटलं.
दोन त्यानंच ठेवून घेतल्या, कशासाठी ते विचारलं नाही.

एकदा तिनं मला माळावर नेलं.
ती खांद्याला बंदूक लावून ओरडली, पुल!
मी वळून पाहिलं,
आमच्याकडे पूल म्हणजे माहुलीचा, कृष्णेवरचा.
तेवढ्यात मातीची बशी उडाली आणि फुटली,
मला दिसला फक्त भगवा धुरळा.
पुढच्या वेळी मी आकाशाकडे बघितलंच नाही.
तिचा अंगठा बघितला.
झाकणाखाली गेला, घुंडी सुटली,
आणि काही ऐकू आलं नाही.

वर्षानं पिशवी परत आली, पट्टा बदलायला.
टाके सगळे जागेवर.
डाव्या कडेला घासलेली, म्हणजे ती चालताना हात जास्त हलवते.
घुंडीच्या मानेशी हिरवा गंज.
ते माझं चुकलं, तेल जास्त पाजलं होतं.
चिंचेनं घासून काढला, चिरेत साचलेला मात्र
दाभणानं खरवडावा लागला.
कप्प्याच्या तळाशी खापरीचा चुरा आणि एक टरफल, लाल.

टरफल विचारून ठेवून घेतलं.
सुया त्यात बरोबर मावतात,
फक्त सर्वांत लांब जी आहे
ती बोटभर वर राहते.