उपसणी

तळघरात पाच अंश.
ओस्हिल्ड टाकीचं झाकण सरकवते
आणि मेणबत्त्यांच्या कारखान्यासारखा
मंद, बुळबुळीत वास वर येतो.

आत उपसणी. पाइनच्या एका ओंडक्यातून कोरलेली,
ओगराळ्यासारखी खोलगट, मूठ डावीकडून जास्त झिजलेली.
सातशे वर्षांपूर्वी या फ्योर्डमध्ये
कुणी डावखुरा
होडीत शिरलेलं पाणी हिनं बाहेर फेकत होता.
एके दिवशी पाणी जास्त झालं, एवढंच.

आता पाणी हिच्यातच शिरलंय.
गर केव्हाच कुजून गेला,
पेशींच्या भिंती तेवढ्या उभ्या,
त्याही पाण्याला टेकून.
नुसती टेबलावर ठेवली असती
तर आठवड्यात मुरगळून खारीक झाली असती.

म्हणून पाणी काढायचं, पण लाकडाला कळू न देता.
पॉलिइथिलीन ग्लायकॉल दहा टक्के.
दोन महिन्यांनी पंधरा. मग वीस.
घाई केलीस तर चिरेल, ओस्हिल्ड म्हणते,
आणि हात पुसते स्वेटरलाच.

मागच्या कपाटात हाल्वोरची घसरगाडी आहे,
म्हणजे तिचा एक दांडा.
एकोणीसशे अकरा साली
उकळत्या तुरटीत बुडवलेला, वर जवसाचं तेल.
त्याच्या वहीत सुबक अक्षरात : ‘काम कायमचं झालं.’
तुरटी!
गढूळ पाणी निवळवणारी, वस्तऱ्याची जखम मिटवणारी.
शंभर वर्षं ती आतल्या आत आम्ल होत गेली.
आता वार्निशचं साल तेवढं शाबूत, आत भुकटी.
कपाट उघडताना आम्ही श्वास धरतो.

मी विचारलं, मग हे मेण? शंभर वर्षांनी?
ओस्हिल्डनं पेन्सिलीला टोक केलं.
वहीत लिहिलं : बावीस टक्के.
समास मोठा सोड, म्हणाली,
चूक लिहायला कुणाला तरी जागा लागेल.

मार्चमध्ये बर्फ वितळलं
आणि तळघराच्या खिडकीतून पाणी आत आलं,
घोट्यापर्यंत. पंप सुरूच होईना.
निवृत्तीला नऊ दिवस उरलेली ओस्हिल्ड
रंगाचा रिकामा डबा घेऊन वाकली,
भरला, वळली, पायऱ्यांवरून बाहेर फेकला,
पुन्हा वाकली.
मीही एक बादली शोधली.

टाकीतलं पाणी जराही हललं नाही.