पुठ्ठ्याचा चेक

फोंड्याच्या जुन्या बसस्टँडमागे, हार्डवेअरच्या दुकानावर
आमचा हॉल. तिथे फ्रिजच्या मागे
अजून उभा आहे तो चार फुटी चेक.
अक्षरी रुपये दोन लाख फक्त.
नाव इनासियो फुर्तादो.
सही सगुणबाबची, जाड मार्करने,
तारीख मागच्या दिवाळीची.
फोटोत दोघांनी तो दोन टोकांनी धरलाय,
जिन्यातून गादी चढवताना धरतात तसा.

मी इथला रेफरी. टेबलांना कापडही मीच घालतो.
आमच्या हवेत कापड ओलसर होतं, चेंडू रेंगाळतो,
म्हणून प्रत्येक लढतीआधी टेबलावर इस्त्री फिरवतो.
बायको म्हणते, माझ्या साडीवर एकदा तरी फिरवली असतीत.

इनास तेरा वर्षांचा होता,
लोटलीहून बोरीच्या पुलावरून सायकलने यायचा.
पहिला क्यू त्याला सगुणबाबने दिला,
टोकाला जरासा वाकडा.
ओम्नीत घालून कारवार, हुबळी, निपाणीला नेलं,
लॉजच्या खोलीत पोराला खाट दिली,
आपण खाली चादर टाकून झोपला.
हे खरं. मीही त्याच ओम्नीत होतो.

हेही खरं, की
ओम्नीची इनोव्हा झाली,
पोस्टरवरचा इनास पणजीच्या जेटीपर्यंत पोचला,
आणि मडगाव, वास्को, म्हापसा,
तिन्हीकडची बक्षिसं एका शब्दावर अडली:
फाल्यां.
फाल्यां म्हणजे उद्या.
सगुणबाबच्या तोंडी त्याला वार नसतो.

लबाड म्हणावं, तर तसंही नाही.
कॅसिनोवाल्याने त्यालाच लटकवलं होतं,
बायकोच्या पाटल्या सोसायटीत पडून होत्या.
पण हे त्याने पोरांना सांगितलं नाही.
पात्रांवाला उसनं मागता येतं,
कबूल करता येत नाही.

मग पाच जणांचं पत्र आलं. पहिली सही इनासची.
सगुणबाबने वाचलं, घडीवर घडी घातली
आणि डगमगणाऱ्या तीन नंबरच्या टेबलाच्या
पायाखाली सरकवलं.
"माझ्याकडे क्यू धरायला शिकला," म्हणाला.
इनास दारातच होता.
"म्हणून तर पत्र लिहिलं, पात्रांव.
दुसरा असता तर वकील लावला असता."

तरी फायनल झाली. तिकिटं खपली होती.
आठ-आठ. ब्रेक इनासचा.
एक, दोन, तीन...
त्या रात्री चेंडूच त्याला वाट विचारत होते.
आठवा त्याने कडेवर आपटून घातला.
नववा राहिला, कोपऱ्यातल्या पॉकेटच्या ओठावर,
कुणी शिंकलं तरी पडेल असा.

इनासने खडू लावला. वाकला नाही.
क्यूचे दोन भाग सोडवले, पिशवीत ठेवले,
चेन ओढली. तो आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला.
समोरच्या पोराला म्हणाला,
"हा तुझा. पैसे मिळाले तर मला कळव."

नियमाप्रमाणे मी त्या पोराचा हात वर केला.
हात गार होता, आणि वर यायला तयार नव्हता.

लोक गेल्यावर सगुणबाब टेबलापाशी आला.
वीस वर्षांत त्याने क्यू धरलेला मी पाहिला नव्हता.
भिंतीवरचा एक उतरवला, नवव्यासमोर वाकला.
बराच वेळ तसाच.
गुडघा कट्कन वाजला, तेवढाच हॉलात आवाज.
मग सरळ झाला.
"दिवे घाल बंद. इस्त्री सकाळी कर."

सकाळी इस्त्री तापेपर्यंत
मी सहज तीन नंबरला हात टेकला.
टेबल डगमगलं.
पायाखाली कागद नव्हता.