चौदा पेट्यांचा चढ

लोत नदीला समुद्राकडे जायची कसली घाई नाही.
ल्यूझेशपाशी तर ती एवढी वळते
की आपल्याच पाठीला हात लावेल असं वाटतं.
रस्ताही तिच्याच वळणावर गेलाय:
हाकेच्या अंतरावरचा चर्चचा मनोरा
आधी उजवीकडे, मग पाठीमागे,
पाऊण तासानं पुन्हा समोर,
जणू आपण निघालोच नव्हतो.

रविवार. आम्ही चार म्हातारे आणि सोलांज वेस.
रेजिसनं जन्मभर ओकची पिंपं बांधली,
आता त्याच्या गुडघ्यात टायटॅनियम.
एल्वाची सायकल त्याच्या मोटारीहून महाग,
हे त्याच्या बायकोला सोडून गावात सगळ्यांना ठाऊक.
गास्पार बोलत नाही, शिट्टी वाजवतो,
तीही चढ लागेपर्यंतच.
मी शाळेत भूगोल शिकवायचो.
नकाशावर ही दरी करंगळीच्या नखाखाली झाकली जायची.

सपाटीला आम्ही पाळीपाळीनं वारा खातो.
पुढचा खातो,
मागचे त्याच्या पाठीआड चोरून जगतात.
दोन्ही अंगांना माल्बेकचे मळे,
मे महिन्यातले कोवळे ताणे
तारेला धरू की नको अशा विचारात.
हवेत गंधकाचा वास,
कुणीतरी पहाटेच फवारून गेलंय.

आल्बाचा पूल ओलांडला की चढ.
एल्वा हँडलवरचं यंत्र वाचतो, धापा टाकत:
"सात टक्के... नऊ..."
सोलांज म्हणते, "चौथी पेटी."
एकतीस वर्षं तिनं या डोंगरावर टपाल वाटलं.
चढ तिला टक्क्यांत कळत नाही,
दारांत कळतो.
पहिली पेटी पेन्शनची, तारीख चुकली की शिव्या.
तिसरीत नुसते बियाण्यांचे कॅटलॉग,
आणि अंगणात एक रोप नाही.
सहाव्या पेटीपाशी ती पेडलवरून डावा पाय उचलते.
तिथला कुत्रा मरून बारा वर्षं झाली.
तेवढाच तिचा वेग मोडतो,
तेवढ्यातच मी तिला गाठतो.

चौदावी पेटी पार वर,
रस्ता अक्रोडांत शिरतो तिथं.
फिर्मँ काझालची.
विजेच्या बिलाशिवाय त्याला कधी काही आलं नाही.
तरी रोज फाटकाशी उभा. "काही आहे?"
"उद्या बघू, मस्यो काझाल."
एकदा वाटलं होतं, ती सांगते,
आपणच लिहून टाकाव्यात चार ओळी.
"पण माझं अक्षर या डोंगरावर कोण ओळखत नाही?
सगळं डावीकडे झुकलेलं.
पिशवी डाव्या खांद्यावर असायची ना."

आता घर कुणा डच माणसाचं, ऑगस्टपुरतं उघडणारं.
पेटीची झडप अर्धी लोंबती.
तिच्यावर चिकटपट्टीनं लावलेला कागद,
दोनदा भिजून दोनदा सुकलेला:
"आत पिल्लं आहेत. जुलैपर्यंत टपाल टाकू नये."
आम्ही सायकली भिंतीला टेकवल्या.
काळ्या टोपीचं, पिवळ्या पोटाचं एक पाखरू
चोचीत हिरवी अळी धरून फांदीवर खोळंबलं,
आम्ही हलावं म्हणून.
रेजिसनं पाणी फिरवलं.
एल्वानं अंजिराची वडी मोडली, मोठा तुकडा स्वतःला.
मी कागद पुन्हा वाचला.
डच माणूस नाताळनंतर आलेला नाही.
आणि अक्षरं सगळी डावीकडे झुकलेली.

सोलांज टायर दाबून हवा बघत होती,
गरज नसताना.
"चला," म्हणाली, "त्यांची जेवायची वेळ झाली."

उतार. ब्रेकचं रबर कुईकुई करतं,
डोळ्यांत पाणी, वाऱ्याचंच असणार.
खाली नदी तेच गाव
तिसऱ्यांदा दाखवते, नवं असल्यासारखं.
गास्पारला शिट्टी परत सापडली.
तेरा, बारा, अकरा,
मी मोजत होतो हे मला नऊवर कळलं.
सहाव्या पेटीपाशी
मीही डावा पाय उचलला.